वाचकांचे प्रश्न : आवळूनही फ्लँज का गळतो?

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचे सूत रंगवण्याचा विभाग आहे. बॉयलरपासून रंगाईच्या यंत्रांकडे जाणाऱ्या 100 मिलिमीटरच्या लाइनमध्ये 7 किलो दाबाची वाफ असते. साप्ताहिक सुट्टीनंतर सकाळी वाफ सोडली की एका फ्लँजमधून (दोन पाइपांची टोके बोल्टने जोडणाऱ्या तबकड्यांच्या जोडातून) पाणी ठिबकते आणि तासाभराने आपोआप थांबते. फिटर दर वेळी पान्याला पाइप लावून बोल्ट आवळतो, तरी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच होते. बोल्ट मोठे घ्यावेत का? स्प्रिंग वॉशर टाकल्याने फरक पडेल का?

उत्तर : बोल्ट मोठे घेण्याचे कारण नाही. या मापाच्या नेहमीच्या फ्लँजला 16 मिलिमीटरचे 8 बोल्ट असतात. वाफ फ्लँजचे दोन तोंड एकमेकांपासून ढकलते तो जोर 7 किलो दाबाला सगळा मिळून साधारण एक टन भरतो, म्हणजे एका बोल्टच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे किलो येतात. 8.8 ग्रेडचा (जास्त ताकदीच्या पोलादाचा) असा एक बोल्ट 4 टन ताण अगदी निवांत पेलतो, कारण कायमचा लांबायला लागण्यापूर्वी तो 9 टनांपर्यंत जाऊ शकतो. हा ताण आवळतानाच बोल्टमध्ये भरायचा असतो, आणि तो किती भरायचा हे गॅस्केटवर, म्हणजे दोन तोंडांमध्ये गळती रोखायला घातलेल्या चकतीवर, ठरते. 8 बोल्टांत प्रत्येकी 4 टन म्हटले, तर तंतुमय शीटच्या गॅस्केटवर प्रत्येक चौरस मिलिमीटरला साधारण साडेतीन किलो भार येतो. दीड मिलिमीटर जाडीच्या चांगल्या शीटला तो सहसा मानवतो. तरी उत्पादकाच्या तक्त्यात 170 अंश तापमानासाठी दिलेली मर्यादा पाहूनच आकडा पक्का करावा. रबराचे गॅस्केट मात्र एवढ्या भाराखाली बाहेर पिळून निघेल. तीन मिलिमीटरचे जाड गॅस्केट किंवा एकावर एक दोन गॅस्केट घालणे मला मुळीच पसंत नाही, कारण जाडी जितकी जास्त तितके ते उष्णतेत अधिक दबत जाते.

खरी अडचण पान्याची आहे. आपण पान्यावर लावतो त्या जोराचा सुमारे नऊ दशांश भाग आट्यांमधल्या आणि नटाखालच्या घर्षणात संपतो, आणि उरलेला जेमतेम एक दशांश बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. त्यामुळे घर्षण थोडे बदलले तरी ताण फार बदलतो. कोरड्या, स्वच्छ बोल्टला 4 टनांसाठी साधारण 128 न्यूटन-मीटर टॉर्क (पान्याने पिळण्याचा जोर) लागतो. तेवढाच टॉर्क वंगण लावलेल्या बोल्टला दिला तर ताण सव्वापाच टनांच्या पुढे जातो, आणि गंजलेल्या आट्यांवर दिला तर तो पावणेतीन टनांपाशीच अडतो. एका कारखान्यात असाच गळणारा फ्लँज उघडून काढलेले गॅस्केट मी मायक्रोमीटरने मोजले होते. एका बाजूला ते 1.1 मिलिमीटर उरले होते आणि समोरच्या बाजूला 1.4, फिटरने जिथे उभे राहून जोर लावला असणार, तीच बाजू चिरडली होती. म्हणून सर्व बोल्ट आणि नट नवे घ्या, आटे व नटाची बसण्याची जागा यांवर एकाच प्रकारचे वंगण लावा, कडक केलेले सपाट वॉशर घाला आणि वंगणाच्या हिशेबाने साधारण 96 न्यूटन-मीटरवर टॉर्क रेंच (किती टॉर्क दिला ते कळणारा पाना) लावा. समोरासमोरचे बोल्ट घेत आधी 30 टक्के, मग 70 टक्के आणि शेवटी पूर्ण टॉर्क द्या. त्यानंतर एकापाठोपाठ एक बोल्ट घेत, एकही नट हलेनासा होईपर्यंत फेरी मारा.

आता सकाळच्या ठिबकण्याविषयी. 4 टन ताणाखाली हा बोल्ट लांबतो तो अवघा 0.07 ते 0.08 मिलिमीटर. गॅस्केट उष्णतेने 0.03 मिलिमीटर जरी कायमचे दबले, तरी (गॅस्केटची स्वतःची उसळी न धरता) ताणाचा 40 टक्के भाग गेलाच. थंड झालेल्या, ताण हरवलेल्या जोडात वाफ शिरली की तिचे पाणी होऊन ते फटीतून ठिबकते. मग फ्लँज बोल्टाआधी तापून फुगतो, त्यामुळे बोल्ट पुन्हा ताणले जातात आणि गळती थांबते. पण त्या तासाभरात गॅस्केट आणखी थोडे चिरडलेले असते. त्यात गरम असताना पाइप लावून आवळणे सर्वांत घातक. तंतुमय शीटमधले रबर एकदा उष्णतेने कडक झाले की पुढच्या आवळण्याने त्याला तडे जातात, आणि समोर उभ्या माणसाच्या अंगावर 170 अंशांची वाफ येऊ शकते. हे काम आजपासून बंद करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नवे गॅस्केट बसवल्यावर काही तासांनी, पहिली वाफ सोडण्यापूर्वी, थंड असतानाच टॉर्क पुन्हा तपासावा. एकदा तापलेल्या जोडाची गळती थांबवायची असेल, तर लाइन बंद करून, दाब पूर्ण उतरवून गॅस्केटच बदलावे.

स्प्रिंग वॉशरचा येथे उपयोग नाही. तो 4 टनांच्या कितीतरी आधीच पूर्ण सपाट होतो आणि पुढे साध्या वॉशरपेक्षा वेगळे काही करत नाही. लवचीकता हवी असेल तर बोल्टच लांब घ्या आणि नटाखाली पोलादी नळीचा तुकडा घाला. बोल्टची ताणली जाणारी लांबी 60 वरून 120 मिलिमीटर झाली की तेवढ्याच ताणाला तो दुप्पट लांबतो, आणि गॅस्केटच्या त्याच 0.03 मिलिमीटर दबण्याने 40 टक्क्यांऐवजी 20 टक्केच ताण जातो.