चर्चमध्ये एखाद्याला 'शिस्त लावतात' म्हणजे वाळीतच टाकतात ना? नेमका उद्देश काय असतो?

तुम्ही लिहिलंय की मित्राच्या वडिलांचं त्यांच्या मंडळीने (म्हणजे चर्चच्या सभासदांनी) प्रभूभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं, बंद केलंय आणि गावकी माणसाला वाळीत टाकते त्यात आणि ह्यात काय फरक ते तुम्हाला कळत नाहीये. मी सिंधुदुर्गातली, किनाऱ्यावरच्या एका छोट्या प्रोटेस्टंट मंडळीतली. सहा वर्षं कमिटीत होते, आणि त्याच्या कितीतरी आधी हे आमच्याच घरात घडलेलं, म्हणून तिथूनच सांगते.

1998 ची गोष्ट. मामा मंडळीचे खजिनदार. कापणीच्या सणाला लोक नारळ, भोपळे, तांदूळ, कोंबडे आणतात, त्यांचा लिलाव होतो, तो पैसा त्यांच्याकडे असायचा. होडीचं इंजिन बसलं, नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, मामांनी त्यातले साडेअकरा हजार उचलले, 'बांगडो गावलो काय भरून टाकतलंय' असं मनाशी धरून. बांगडो काय त्या साली गावलो नाय.

पाळकसाहेब (पास्टर) घाटावरचे, नवीनच आलेले. एका रात्री एकटेच बॅटरी घेऊन घरी आले. मामी चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात मामाच म्हणाले, "तुमी कित्याक इलास ता माका ठावक आसा." पण कबूल काही केलं नाही. दुसऱ्या खेपेला पाळक दोन वडिलांना घेऊन आले (आमच्याकडे एल्डरला वडील म्हणतात), तेव्हा मामा भडकले, आवाज शेजारी गेला. मग कमिटी बसली. खजिनदारपद गेलं, सहा महिने प्रभूभोजन बंद, पैसे हप्त्याने भरायचे.

आधी एकट्याने, मग दोघं-तिघं, मग मंडळी, हा क्रम पाळकांनी मनाने काढलेला नव्हता. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात येशूने तोच सांगितलाय, आणि पहिल्याच पायरीला म्हटलंय की त्याने ऐकलं तर तू तुझा भाऊ मिळवलास. म्हणजे उद्देश पहिल्याच वाक्यात आला बघा, भाऊ परत मिळवणं. शेवटी ऐकलंच नाही तर तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदारासारखा असो असंही आहे, ते वाक्य काही लोक फार आवडीने वाचतात, पण ते लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता आणि येशू त्याच्याच घरी जेवायला बसला होता हे सोयीस्कर विसरतात.

बायबलातल्याच गलतीकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो की अपराधात सापडलेल्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा. तिथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे तेच येशूचे शिष्य याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करत होते त्या ठिकाणी आहे. हे मला एका बायबल वर्गात कळलं आणि रापणीचं जाळं वाळूवर पसरून भोकं शिवत बसलेली माणसं डोळ्यासमोर आली, दुपारभर मान खाली, कोणी जाळ्याला शिव्या देत नाही.

पण फक्त त्या एका माणसासाठीच असतं असंही नाही. करिंथच्या मंडळीत एकाने सावत्र आईला ठेवलं होतं आणि लोक वर मिरवत होते, तिथे पौल चांगलाच कडक होतो, थोडं खमीर सगळा गोळा फुगवतं म्हणतो, अशाच्या पंक्तीलाही बसू नका म्हणतो. म्हणजे बाकीच्यांचं रक्षण हा दुसरा उद्देश. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय, हे तर माझ्या मते सगळ्यात जास्त विसरलं जातं. आमच्या शेजारच्या कॅथलिक लोकांच्या चर्चच्या 1983 च्या कायद्यात एक्सकम्युनिकेशनला (चर्चमधून बहिष्कृत करण्याला) औषधासारखी शिक्षा मानलंय, माणूस सुधारला की उठवायची, बाप्तिस्मा त्याने पुसला जात नाही. पण पोप फ्रान्सिसने 2021 मध्ये त्यातला शिक्षांचा भाग कडक केला, कारण दया दया म्हणत कारवाई टाळल्याने नुकसान झालं होतं. मुलांवर, बायकांवर अत्याचार असेल तर आधी पोलीस, कमिटीत बसून समेट करायचा विषयच नाही तो.

आता वाळीत टाकण्याचं. गावकी वाळीत टाकते तेव्हा दुकान बंद, पाणी बंद, लग्नाला कोणी नाही, मयताला खांदा नाही, आणि दंड भरून पाय धरल्याशिवाय सुटका नाही. महाराष्ट्रात त्याविरुद्ध 2016 चा कायदाच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ख्रिस्ती माणसाला तर हे बाहेरून शिकवायला नको, 1823 ला स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले तेव्हापासून बाप्तिस्मा घेतला म्हणून जातीने तोडलेली माणसं आमच्यात आहेत. मामांच्या बाबतीत त्या सहा महिन्यांत माशांचा वाटा घरी येत होता, उपासनेला ते मागच्या बाकावर बसत होते, प्रभूभोजनाच्या रविवारी ताट पुढे सरकायचं आणि ते खाली बघत राहायचे, लागायचं त्यांना. पण पाळक दर बुधवारी घरी येऊन बसायचे. पौलच दुसरीकडे सांगतो ना, त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून बोध करा.

सगळं असंच गोड असतं असं सांगितलं तर खोटं होईल. मी कमिटीत असताना एका मुलीने धर्माबाहेर लग्न केलं, तिच्या घरी एकही जण गेला नाही, थेट पुलपिटावरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) नाव वाचलं. मी विरोध केला, पण मिनिटबुकात लिहून घ्या म्हणायची हिंमत झाली नाही. ती परत आली नाही, आईपण हळूहळू यायची बंद झाली. आणि त्याच कमिटीतल्या एका वजनदार माणसाच्या जमिनीच्या भानगडीवर मात्र 'आपण प्रार्थना करूया' एवढंच. तीमथ्याच्या पत्रात उलट आहे, वडिलांवर (एल्डरवर) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नका, पण पाप करत असतील तर सर्वांसमोर दोष दाखवा. आमच्याकडे ही दुसरी ओळ वाचलेली मी तरी ऐकली नाही.

मामांचे पैसे मुदतीआधी फिटले. परत घेतलं त्या रविवारी पाळकांनी फक्त नाव घेऊन पुढे बोलावलं, भाषण नाही काही. खजिनदार पुन्हा केलं नाही, आणि ते मला योग्यच वाटतं, माफी वेगळी आणि किल्ल्या वेगळ्या.

तर तुमच्या मित्राला एवढंच विचारा की बंदी घालायच्या आधी घरी कोणी आलं होतं का, आणि नंतर कोणी येतंय का. परत कसं यायचं, कधीपर्यंत, हे सांगितलंय का तेही विचारा. नसेल सांगितलं तर त्याच्या बाबांनी कमिटीला लेखी विचारावं, पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवून.