गोळी रात्री किती वाजता घेता?

प्रश्न : मी औसा तालुक्यातला, वय 31. गावात दूध संकलन केंद्र चालवतो, पहाटे साडेचारला उठावं लागतं. दोन वर्षांपूर्वी मला बायपोलरचा (मनाच्या टोकाच्या चढ-उतारांच्या आजाराचा) झटका आला. झोप उडाली, दोन दुभत्या म्हशी मातीमोल विकल्या, लोकांना पैसे वाटले. तेव्हापासून ओलान्झापिनची 10 मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. झटका परत आला नाही, पण वजन बारा-तेरा किलो वाढलं आणि पहाटे डोळे उघडत नाहीत. डॉक्टरांकडे दादा सोबत येतो. ‘बरा हाय साहेब’ म्हणतो, की डॉक्टर पुढच्या गोळ्या लिहितात. मी विचारलं तर ‘बंद करायची नाही’ एवढंच. महिनाभरापासून कुणाला न सांगता मी अर्धीच घेतोय. दुसरी गोळी मागायचा मला हक्क आहे का? डॉक्टर रागावतील का?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : हक्क आहे. रागावतील का, ते मी इथे बसून कसं सांगू? आम्हा डॉक्टरांत सगळ्या स्वभावाची माणसं आहेत. पण अर्ध्या गोळीचं त्यांना आधी सांगा. नाही सांगितलं आणि उद्या तुमची झोप बिघडली, तर 10 पुरत नाही असं समजून ते डोस वाढवतील. तोवर स्वतःहून आणखी कमी करू नका. लपून गोळी कमी करणारे तुम्ही एकटे नाही. माझ्याकडे येणारे कितीतरी जण हेच करतात, आणि बहुतेकांकडे कारण असतं.

तुमचं कारण भक्कम आहे. फक्त एक गोष्ट पत्रात नाही : गोळी रात्री किती वाजता घेता? ओलान्झापिन पोटात गेल्यावर साधारण 6 तासांनी रक्तात सगळ्यात जास्त असतं. हिशेब उरकून 11 ला घेत असाल, तर ते भरात येणार पहाटे 5 ला, म्हणजे दारात कॅन वाजायला लागतात तेव्हाच. 8 च्या सुमारास घेतली तर काही जणांची सकाळ बरीच हलकी जाते. हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असणारच. साडेचारचं मात्र बहुधा माहीत नसावं. ‘बरा हाय साहेब’मध्ये ते कुठे येतं?

वजन मात्र वेळ बदलून उतरायचं नाही. हे औषध वजन आणि साखर वाढवण्यासाठीच बदनाम आहे. मग पर्याय काय? अ‍ॅरिपिप्रॅझोलने वजन आणि झोप दोन्ही कमी वाढतात, पण काहींना त्यावर एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात. लिथियम जुनं आणि भरवशाचं. त्याला अधूनमधून रक्तातली त्याची पातळी, किडनी आणि थायरॉइड तपासावं लागतं. आणि आपल्या भागात मी आणखी एक बजावते : एप्रिल-मेच्या उन्हात घाम गेला, पाणी कमी पडलं, की ही पातळी चढते आणि विषबाधा होऊ शकते. मेडिकलवरून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनेही चढते, आणि कॅन उचलणाऱ्याची कंबर तर दुखणारच. व्हॅल्प्रोएटही वजन वाढवतं, त्यामुळे तुम्हाला त्याचा फारसा उपयोग होईल असं मला वाटत नाही. कुठलं तुम्हाला चालेल हे वैद्यकाच्या अंगाने डॉक्टर सांगतील. कुठला त्रास सोसवेल, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? काहीही ठरलं तरी बदल हळूहळू, आणि लग्नसराईच्या जागरणात नको. जागरणानेच झटका उलटतो.

आता हक्काचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, अमलात आला 2018 मध्ये. आजार आहे म्हणून माणसाला निर्णय घेता येत नाही, असं हा कायदा मानत नाही. सांगितलेलं समजतं, परिणाम उमगतात, आपलं म्हणणं कळवता येतं, तर निर्णय तुमचा. आजार काय, उपचार काय, त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम काय, हे सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण खुर्चीत बसल्या बसल्या कलम काढू नका. बाजाराच्या दिवशी ओपीडी कशी वाहते ते मला ठाऊक आहे. त्यापेक्षा घरूनच एका कागदावर लिहून न्या : किती वाजता उठतो, वजन तेव्हा किती आणि आता किती, अर्धी कधीपासून घेतोय, मला काय हवंय. आणि आत गेल्यावर म्हणा, ‘आधी पाच मिनिटं मी एकटा बोलतो, मग दादाला बोलवा.’

दादाला मात्र कायमचं बाहेर बसवू नका. म्हशी गेल्या तेव्हाची धावपळ त्यांनी पाहिली आहे, भीती खोटी नाही. त्यांच्याशी ठरवा : सलग दोन रात्री तीन-चार तासच झोप आणि तरी थकवा नाही, असं दिसलं की ते तुम्हाला दवाखान्यात नेतील आणि तुम्ही वाद घालणार नाही. याच कायद्यात आगाऊ निर्देश लिहून ठेवायची सोय आहे. स्वतःला कळेनासं झालं तर उपचार कसे व्हावेत, कसे नकोत, हे आज शुद्धीत असताना लिहायचं; नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे अशा वेळी आपल्या बाजूने बोलणारा माणूस, तोही आपणच नेमायचा. माझ्या एका पेशंट शिक्षिकेने लिहिलंय : ज्या इंजेक्शनने मान वाकडी झाली ते नको, आणि बहिणीला फोन करा, सासऱ्यांना नको. तातडीच्या उपचारांना मात्र हा कागद लागू होत नाही.

एवढं करूनही डॉक्टर ‘चालू ठेवा’ म्हणाले, तर का, ते विचारा. कारण असू शकतं. याच गोळीवर झटका परत आलेला नाही. उत्तरच मिळालं नाही, तर उपचारांच्या नोंदी मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. मधल्या काळात विचारायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

या खेपेला जाताना सकाळचं दूध उरकून, पण चहा न घेता जा. उपाशीपोटीची साखर आणि चरबी तपासून घ्यायची आहे. ओलान्झापिनवर दोन वर्षं असलेल्याची ती व्हायलाच हवी.