‘एकात्मिक पर्यावरण’ नकोच

प्रश्न असा आला आहे: पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातली ‘इंटिग्रल इकॉलॉजी’ (निसर्ग आणि माणूस यांचा एकत्र विचार) एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्वाच्या, अहवालात उद्धृत केली आहे, मराठीत ‘एकात्मिक पर्यावरण’ चालेल का?

नाही चालणार. ‘एकात्मिक’बद्दल तक्रार नाही, ‘पर्यावरण’ आवरा. हल्ली पर्यावरण म्हणजे रोपं लावणं. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च दाखवायचे असतात. मग फाटकाशी कडुनिंब, साहेबांच्या हातात झारी, आणि सांडपाणी मागच्या ओढ्यात! शब्दच ही सोय करून देतो. परि + आवरण: मधोमध आपण, बाकी सगळं भोवती गुंडाळलेलं. पोपच्या त्या पत्राचा १३९ वा परिच्छेद नेमकं हेच नाकारतो. निसर्ग ही आपल्या जगण्याची नुसती चौकट नव्हे, आपण त्याचाच भाग आहोत, असं तिथे म्हटलं आहे.

परिभाषाकोशवाले तरी काय करतात? ‘इकॉलॉजी’ला त्यांचे शब्द: परिस्थितिविज्ञान, परिसरविज्ञान, पारिस्थितिकी. सगळे ‘परि’ घेऊन घराभोवती प्रदक्षिणा घालतात, उंबरा कुणी ओलांडत नाही. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये ‘इकॉलॉजी’ हा शब्द घडवला तो ग्रीक ‘ओइकोस’वरून, म्हणजे घरावरून. पत्राचं उपशीर्षकही ‘आपल्या सामाईक घराची काळजी’ असंच आहे. ‘इकॉनॉमी’ त्याच घरातली, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण ‘पॅरिश’, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती? तोही तिथलाच! ‘पारोइकिया’, म्हणजे परक्या ठिकाणी उपऱ्यासारखं राहणं. वसईतले ख्रिस्ती त्याला धर्मग्राम म्हणतात, आणि लॅटिनमध्ये ‘ओइकोस’चा सख्खा भाऊ ‘विकुस’ म्हणजे गावच.

आता खरी गंमत. याच मुळाचं संस्कृत रूप ‘विश्’, म्हणजे वस्ती, वस्तीतली माणसं. त्यावरून वैश्य. म्हणजे व्यापारउदीम करणारा आणि इकॉलॉजी एकाच घराण्यातले. ‘ओ’ कुठे नि ‘वि’ कुठे, असं नाक मुरडणाऱ्या पंडितांनी जुने ग्रीक शिलालेख पाहावेत. तिथे चक्क ‘वोइकोस’ कोरलेलं आहे. ऋग्वेदातला ‘विश्पति’, वस्तीचा धनी, लिथुआनियन भाषेत ‘व्हिएश्पात्स’ म्हणून अजून जिवंत आहे. तिथले कॅथलिक प्रार्थनेत देवाला याच शब्दाने हाक मारतात! वस्तीचा धनी तो, कंपनी कारभारी. कॅथलिक शिकवणुकीत मालमत्तेचा विचार साधारण असाच आहे, आणि तो ‘सामाजिक दायित्व’ या सरकारी जोडशब्दात उतरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हं, अहवाल. ‘गृहविज्ञान’ चपखल बसला असता, पण तो पाककलेने आणि शिवणकामाने केव्हाच पळवला. ‘समग्र इकॉलॉजी’ लिहून मोकळे व्हा. आणि पत्रातला १८३ वा परिच्छेदही अहवालात घ्यायला सांगा: परिणामांचा अभ्यास प्रकल्प ठरल्यावर नव्हे, आधीपासून व्हावा. तो घेणार असतील, तर तिथे ‘पर्यावरणीय परिणाम’ लिहिलंत तरी माझी हरकत नाही.