स्पेनच्या रिओहा भागातली रेड वाइन पहिल्यांदा घेताय? क्रियान्सापासून सुरुवात करा

थेट ग्रान रेसेर्वावर पैसे घालू नका, नवखे बहुतेक इथेच चुकतात. क्रियान्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा ही नावं आधी मुरण्याचा काळ सांगतात. क्रियान्सा किमान २ वर्षं मुरते, त्यातलं १ वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा ३ वर्षं, ग्रान रेसेर्वा ५. बाटलीमागचं लेबल बघा: क्रियान्साचं लाल, रेसेर्वाचं गडद किरमिजी, ग्रान रेसेर्वाचं निळं.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा. हिरव्या लेबलची, लाकडात फारशी न मुरलेली एक बाटली आणि एक क्रियान्सा शेजारी शेजारी ठेवून चाखा. दोन्हींत मुख्य द्राक्ष तेंप्रानियोच असेल असं बघा. पहिलीत चेरीसारखं ताजं फळ लागेल. दुसरीत व्हॅनिला, कधी खोबऱ्याचा वास येतो, तो अमेरिकन ओकचा. रिओहात २२५ लिटरची पिंपं वापरायची पद्धत १९व्या शतकात फ्रान्सच्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशाच्या प्रभावाने रुजली. लाकूड मात्र पुष्कळदा अमेरिकेचं. हा फरक एकदा जिभेला कळला की पुढचं सगळं सोपं होतं, आणि खरंच फार आनंदाचं!

आपल्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंश पुरे. सोबत भाजलेलं मटण असू द्या. साल, गावं, बोदेगा (वाइन बनवणारी घरं) यांच्या याद्या सध्या बाजूला ठेवा.