वाचकांचे प्रश्न : काठ धरणारं वाळुंज

प्रश्न : आमची धानाची बांधी नाल्याला लागून आहे आणि दर पावसाळ्यात काठ ढासळतो. नाल्यात लांब, अरुंद पानांचं झुडूप आहे. कोणी त्याला वाळुंज म्हणतं, कोणी शेरणी. त्याच्या काड्या जूनमध्ये रोवल्या. पालवी फुटली, मग सगळ्या वाळल्या. काय चुकलं?
– एक वाचक, पवनी तालुका

उत्तर : आधी ओळख पक्की करा. खडकाच्या फटीत उगवलेलं, चिवट, तीन खणांच्या बारीक फळांचं झुडूप म्हणजे शेरणी. वाळुंज गाळात, ओलीत येतं. पान वरून हिरवं, खालून पांढुरकं. कळीवर एकच खवला, टोपीसारखा. नखाने सोलून बघा. फळ दोन भागांत उकलतं आणि आतून कापूस निघतो. वाळुंजाचं खरं तर झाड होतं, पण सतत तोडल्यामुळे नाल्यात ते झुडूपच दिसतं.

आता काड्यांचं. पालवी फुटली म्हणजे मूळ धरलं असं नाही. काडी आपल्यातल्या साठ्यावर पानं काढते. मुळं नसली की पानांतून पाणी उडतं आणि काडी वाळते. शिवाय जूनमध्ये झाड पानांनी भरलेलं, काडीत साठा कमी, आणि पाठोपाठ पूर.

हिवाळ्यात, नवे डोळे फुटण्याआधी, अंगठ्याएवढ्या जाड आणि दोन-अडीच फूट लांब काड्या घ्या. बुडाशी तिरपा काप द्या, म्हणजे शेंडा-बूड उलटं होणार नाही. एक-दोन दिवस बुडं पाण्यात ठेवा. सब्बलीने भोक पाडून काडीचा दोन तृतीयांश भाग आत घाला. ठोकू नका, साल सोलते. भोवती माती घट्ट दाबा, पोकळी राहिली तर तिथे मुळं येत नाहीत. दोन-तीन डोळे वर ठेवा. पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, दोन-दोन फुटांवर, दोन ओळी तिरकस लावा.

शेळ्यांसाठी बोरीच्या काट्यांचं कुंपण हवंच. बेशरम मात्र लावू नका, ती नालाच भरून टाकते.

नाला मार्चमध्येच कोरडा पडत असेल तर वाळुंजाचा नाद सोडा. तिथे करंज आणि निर्गुडी बरी. निर्गुडीला शेळी तोंड लावत नाही.

प्रश्न : वाळुंजाच्या बिया पेरल्या, एकही उगवली नाही. का?

उत्तर : बी काही दिवसच जिवंत राहतं, साठवलेलं गेलंच. नर-मादी झाडं वेगळी असतात, बी फक्त मादीला. कापूस उडायला लागताच ओल्या गाळावर पसरा, मातीत पुरू नका.