मेडिकलच्या आधी एमपीएच करून ठेवावं का?

"यंदा मेडिकलला नंबर लागेलसं वाटत नाही. मग दोन वर्षं नुसती घालवण्यापेक्षा तिला एमपीएच करू द्यावं का?" एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी. मी मेडिकल प्रवेशासाठी सल्ला देते, आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कधी आई विचारते, कधी वडील, आणि मूल बहुतेक वेळा शेजारी गप्प बसलेलं असतं. अशाच एका मुलीची गोष्ट इथे लिहिते आहे. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. आपण तिला सई म्हणू.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. अमेरिकेत बारावीनंतर लगेच मेडिकल नसतं. चार वर्षांची पदवी, तिच्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिक असे प्रयोगशाळेसह विषय, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर अर्ज. एमडीसाठी, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीसाठी, दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त अर्ज येतात आणि जागा साधारण २३ हजार असतात. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे पदवीच्या गुणांची ४ पैकी सरासरी, ३.७ च्या वर असतो, आणि एमकॅटचे गुण ५२८ पैकी ५११-५१२ च्या आसपास. सईचा जीपीए होता ३.३४. फक्त विज्ञान विषयांचा काढला तर ३.०८.

सई आईबरोबर आली ती कॉलेज संपायला दोन महिने उरलेले असताना. आईनं एमपीएचची माहितीपत्रकं छापून आणली होती, महत्त्वाच्या ओळींवर पिवळी खूण केलेली. "ताई, मास्टर्सला चांगले मार्क पडले की आधीचे झाकले जातील ना?" त्यांनी बसल्या बसल्याच विचारलं.

याचं उत्तर मी नेहमी कागदावर आकडेमोड करून देते, कारण नुसतं बोलून ते पटत नाही. एमडीच्या सामायिक अर्जात पदवीचे गुण आणि पदव्युत्तर गुण वेगवेगळ्या रांगेत येतात. त्यांची एकत्र सरासरी निघत नाही. सईचे पदवीचे १२० क्रेडिट होते. एमपीएचचे किमान ४२ क्रेडिट तिनं सगळे ए (४ पैकी ४) मिळवून पूर्ण केले असते, तरी पदवीच्या रांगेत ३.३४ च राहिले असते. तेच पदवीनंतर पदवीच्याच पातळीचे विषय घेतले, ज्याला इथे पोस्ट-बॅक म्हणतात, तर ते पदवीच्या सरासरीत मिसळतात. असे ३० क्रेडिट ए मिळवून केले की ३.३४ चे ३.४७ होतात. त्यातले २४ विज्ञानाचे असतील, तर तिच्या ४८ विज्ञान क्रेडिटांत ते मिळवून ३.०८ चे ३.३९ होतात.

आई त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. सई म्हणाली, "म्हणजे एमपीएचनं काहीच होत नाही?"

होतं, पण वेगळं होतं. मेडिकल स्कूलच्या समितीला एका गोष्टीची खात्री हवी असते: पहिल्या वर्षी जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, शरीररचना एकदम अंगावर आले तर हे मूल तग धरेल का? एमपीएचमध्ये जैवसांख्यिकी, साथरोगशास्त्र, पर्यावरण आरोग्य, आरोग्य धोरण, सामाजिक आणि वर्तनशास्त्र शिकवतात. विषय उत्तम आहेत, पण ते या शंकेचं उत्तर देत नाहीत. ज्यांना ते उत्तर मास्टर्समधूनच द्यायचं असतं त्यांच्यासाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत, जॉर्जटाउन विद्यापीठाचा त्यातला जुना आणि नावाजलेला. तिथे विद्यार्थी थेट मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकतात. पण त्यात धोकाही तेवढाच: तिथे गुण कमी पडले तर मेडिकलचं दार जवळजवळ बंदच होतं.

मी सईची गुणपत्रिका सत्रानुसार वाचली. घसरण सगळी दुसऱ्या वर्षातली होती. सेंद्रिय रसायनात सी प्लस, भौतिकशास्त्रात सी. त्या वर्षी ती एका औषधाच्या दुकानात आठवड्याला वीस तास काम करत होती आणि रोज घरून ये-जा करत होती. शेवटच्या वर्षी मात्र ३.८. ही चढती रेघ समितीला दिसते, आणि दिसल्यावर मोजली जाते. तिला विज्ञान झेपत नाही असं त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग मी सईच्या आईंना बाहेर बसायची विनंती केली. मुलांशी एकट्यानं बोलल्याशिवाय मी सल्ला देत नाही. "तुला सार्वजनिक आरोग्य शिकायचंय का, की मोकळं वर्ष दिसायला नकोय?" मी विचारलं.

"मावशी, दोन्ही," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच खुलून बोलायला लागली. नेवार्कमधल्या एका संस्थेबरोबर ती घरोघरी जात होती, लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाच्या तपासणीसाठी. न्यू जर्सीत मुलांची ही तपासणी एक आणि दोन वर्षांच्या वयात सक्तीची आहे, आणि रक्तात डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं निघालं की ते जास्त मानतात. जुन्या घरांत १९७८ च्या आधीचा, शिसं असलेला रंग असतो. बोलता बोलता ती उठली आणि माझ्या खिडकीची काच वर सरकवून दाखवू लागली: चौकट चौकटीला घासते, रंगाची पूड इथे खालच्या खाचेत साठते, आणि बरोब्बर या उंचीवर रांगतं मूल हात टेकतं. एका गुजराती घरात खिडक्या नव्या होत्या, तरी मुलाच्या रक्तात शिसं निघालं. सईनं स्वयंपाकघरातले डबे उघडायला सांगितले. सुटी आणलेली हळद निघाली, शिसं तिच्यातलं होतं. नेवार्कनं २०१९ पासून तीन वर्षांच्या आत २३ हजारांहून जास्त शिशाच्या पाणीनळ्या बदलल्या, हेही तिला तोंडपाठ होतं.

हे ऐकून बरेच जण म्हणतील, मग करू दे की एमपीएच! मला मात्र वाटलं, हिची आवड खरी आहे म्हणूनच घाई नको. ज्याला विषय आवडत नाही ते मूल एका सत्रात कंटाळून सांगतो तरी. सईनं दोन वर्षं मन लावून शिकलं असतं आणि अर्जाच्या वेळी विज्ञानाचे आकडे होते तिथेच असते. शिवाय बहुतेक ठिकाणी हाती घेतलेली पदवी पूर्ण करूनच मेडिकलला हजर व्हावं लागतं, आणि पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात अर्ज केला तर अर्जात एकाच वर्षाचे गुण दिसतात. एमकॅटचा अभ्यास त्याच सत्रात कोंबायचा म्हणजे तर दोन्हीकडे अर्धवट.

पैशाचंही बोलायला हवं, कारण आपल्याकडे शिक्षणाचा खर्च म्हटलं की हात आखडत नाहीत आणि मग कर्ज डोक्यावर बसतं. मेडिकलचं कर्ज सर्वसाधारणपणे दोन लाख डॉलरच्या घरात जातं. सई आली तेव्हा ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज हवं तेवढं मिळायचं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ते बंद. पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर, मेडिकलसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख, एवढीच सरकारी मर्यादा. नामांकित एमपीएचची दोन वर्षं कर्जानं काढणाऱ्या घरानं आता हा हिशेब आधी मांडायला हवा.

आईंना आत बोलावल्यावर त्यांची खरी काळजी बाहेर आली. "गॅप पडला म्हणजे पोरीचं काहीतरी बिनसलं असंच सगळे धरतात. साताऱ्याला सासूबाई दर रविवारी विचारतात, कुठे लागला नंबर? मास्टर्स करतेय म्हटलं की प्रश्न मिटतो." मला या बाईंबद्दल फार माया वाटली. नीट आणि बारावीच्या जगात वर्ष वाया जाणं ही भीती खरी असते, ती इथे येऊन पुसली जात नाही. पण इथल्या मेडिकलच्या वर्गात पदवीनंतर एक-दोन वर्षं काम करून आलेली मुलं निम्म्याहून जास्त असतात. "आजींना सांगा, आरोग्य खात्यात नोकरी करतेय आणि संध्याकाळी शिकतेय. खोटं काही नाही त्यात," मी म्हटलं.

तसंच झालं. काउंटीच्या शिसं-प्रतिबंध कार्यक्रमात सई सहायक म्हणून लागली आणि संध्याकाळी जीवरसायन, पेशीशास्त्र, आनुवंशिकी, शरीरक्रियाशास्त्र घेत गेली. दोन वर्षांत एक बी प्लस सोडला तर सगळे ए. एमकॅट ५०९. अर्ज एमडी आणि डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची डॉक्टरकीची पदवी) दोन्हीकडे केले. एमडीच्या एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत राहिली, डीओला प्रवेश मिळाला. आईंचा फोन आला, "डीओ म्हणजे पूर्ण डॉक्टर ना?" पूर्ण. औषधं, शस्त्रक्रिया, परवाना सगळं तेच, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची, मान्यताही एकाच व्यवस्थेखाली आहे.

एमपीएच आधी करूच नये असं माझं मत नाही. ३.८ जीपीएचा एक मुलगा क्षयरोगाच्या आकडेवारीवर काम करत होता, त्याला पुढे संशोधनातच राहायचं होतं. त्याला मी स्वतः एमपीएचला पाठवलं. मेडिकल झालं नसतं तरी ती पदवी त्याच्या कामाची होती. उलट एक मुलगी मुलाखतीत "एमपीएच का केलंत?" या प्रश्नाला "दृष्टी व्यापक व्हावी म्हणून" याच्या पुढे काही बोलू शकली नाही. दोन वर्षांच्या कामातलं एकही उदाहरण तिला सुचलं नाही.

पुण्या-नाशिकहूनही विचारणा येते, बीडीएस किंवा बीएएमएस झालेल्या मुलांची: अमेरिकेत एमपीएच केलं की तिथल्या मेडिकलला जाता येईल का? एमपीएचनं तो रस्ता उघडत नाही. बहुतेक मेडिकल स्कूलना इथल्या कॉलेजातलेच पदवीचे विज्ञान विषय लागतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी स्कूल मोजकी आहेत. एमबीबीएस झालेल्यांना तर पुन्हा मेडिकलला जायचंच नसतं, त्यांचा रस्ता यूएसएमएलई ही परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सीचा. सार्वजनिक आरोग्यात काम करायचं असेल तर मात्र या सगळ्यांनी एमपीएच जरूर करावं.

सई आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मध्ये एक वर्ष काढून एमपीएच करायची सोय तिच्या कॉलेजात आहे. शिष्यवृत्ती किती मिळते ते बघून ती ठरवणार आहे.