शिफ्टच सुटत नाही, मॅडम

"नोकरी गेल्यापासून हे दहा-दहा वाजेपर्यंत लोळत असतात. तुम्ही यांना एक टाइमटेबल लावून द्या." समुपदेशनाच्या माझ्या कामात आठवड्यात एक तरी फोन असा येतोच. कधी बायकोचा, कधी आईचा, तर कधी तो माणूस स्वतःच म्हणतो, "दिवस कुठे जातो कळत नाही, शिस्तच राहिली नाही." त्यावर एक केस सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सुधीर म्हणू त्यांना. वय ४२, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्यात चौदा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. कंपनीने प्लांट दुसऱ्या राज्यात हलवला आणि यांच्या हातात हिशेब ठेवला. चिंचवडला फ्लॅट, त्याचा हप्ता चालू. मुलगी पाचवीत, बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला. वडील गावाहून येऊन राहिलेले. ते येता-जाता ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ ऐकवायचे. माझ्याकडे आले तेव्हा नोकरी जाऊन चार महिने झाले होते.

पहिल्या भेटीत मी जे केलं ते आज करणार नाही. मीही टाइमटेबलच दिलं. सहाला उठणे, चालणे, आंघोळ, अर्ज, इंग्रजी, वाचन, थेट रात्री दहापर्यंत. क्वालिटीवाला माणूस तो! घरी जाऊन त्यांनी ते एक्सेलमध्ये घेतलं, रंग भरले, प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गॅस सिलिंडरची भानगड, चौथ्या दिवशी वडिलांचं बँकेतलं काम ("तू घरीच आहेस ना?"), पाचव्या दिवशी कागद फाडून टाकला. आधी त्यांना एकच गोष्ट जमत नव्हती, माझ्या कृपेने सोळा जमेनाशा झाल्या.

पुढच्या भेटीत कोरा कागद दिला. म्हटलं, उद्याचं राहू दे, काल काय केलं ते तासावार लिहा. त्यांनी लिहिलं: ‘९.४० उठलो. चहा. मोबाइल. जेवण.’ मग १ ते ६ असं लिहून पुढे नुसती एक लांब रेघ. पेन बराच वेळ त्या रेघेवरच फिरत होतं.

असे कागद मानसशास्त्राला नवे नाहीत. व्हिएन्नाजवळच्या मारियेंथाल गावातली कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९३१-३२ मध्ये तिथे जाऊन लोकांकडून असेच दिवसाचे तक्ते भरून घेतले. बायकांचे तक्ते भरलेले, कारण चूलमूल सुटलेलं नव्हतं. पुरुषांच्या तक्त्यांत मोकळ्या जागाच फार. वेळच वेळ असूनही गावातल्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. रस्त्याने चालतानाही पुरुष मध्येच थांबून राहायचे. आपल्याकडे गिरणगावात १९८२ च्या संपानंतर भोंगे थांबले, तेव्हा कित्येक घरांतली सकाळच हरवली. पगाराबरोबर कारखाना माणसाला घड्याळही देत असतो, आणि जाताना ते काढून नेतो.

मी सुधीरना विचारलं, "जाग ९.४० ला येते?"

"नाही हो. पाचलाच येते. फर्स्ट शिफ्टची सवय."

"मग पावणेदहापर्यंत?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "साडेनऊपर्यंत सोसायटीतले सगळे कामाला जातात. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी भेटतं. ‘काय, आज सुट्टी?’ विचारतात."

म्हणजे पाचपासून पावणेदहापर्यंत हा माणूस डोळे मिटून पडून असायचा. घरच्यांना तो आळस दिसत होता. प्रत्यक्षात ते लपणं होतं. त्याच्यावर कसलं टाइमटेबल लागू पडणार?

तेव्हा आम्ही आधी घड्याळाला हात न लावता त्या एका प्रश्नाचं उत्तर तयार केलं. "कंपनी बंद झाली, शोधतोय. तुमच्याकडे क्वालिटीत काही निघालं तर सांगा." एवढंच. माझ्या खोलीत सात-आठ वेळा मोठ्याने म्हणायला लावलं. पहिल्या तीन वेळा ‘शोधतोय’पाशी आवाज बसत होता.

मग विचारलं, "कंपनीत असताना वेळेवर कोण न्यायचं तुम्हाला?"

"बस. सहाला दहा कमी असताना चौकात. ती कुणासाठी थांबत नाही."

"आता घरात असं काय आहे, जे तुमच्यासाठी थांबत नाही?"

उत्तर निघालं: मुलीची शाळेची व्हॅन, सात दहाची. आतापर्यंत बायको डबा भरता भरता धावत खाली जायची. ते काम यांनी घेतलं. मी बदललेलं वेळापत्रक पहिला आठवडाभर एवढंच होतं. रात्री कितीही वाजता झोपा, पण सात दहाला खाली. झोप ठरवून लागत नाही, उठणं मात्र ठरवता येतं. उठायची वेळ पक्की झाली की हळूहळू झोपही आपल्या जागी येते. ‘मन लागलं की उठेन’ म्हणून थांबलेली माणसं थांबूनच राहतात, हे मी पुष्कळ पाहिलंय.

दुसरी गोष्ट त्यांच्याच तोंडून आली. "मॅडम, कंपनीत आठ तासांनी शिफ्ट सुटायची. आता सुटतच नाही. जेवताना, टीव्ही बघताना, रात्री दोनलासुद्धा मोबाइलवर जॉब बघतोय. काही बघत नसलो तर बघत नाही म्हणून वाईट वाटतं."

मग शिफ्ट ठरली: साडेनऊ ते एक, जवळच्या अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षेच्या पोरांमध्ये बसायची त्यांना लाज वाटत होती. आठवड्यात ती पोरं त्यांच्याकडून गणितं सोडवून घ्यायला लागली. डबा घेऊन जायचा. हा आग्रह बायकोचा, आणि मला वाटतं माझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा त्या डब्याने जास्त काम केलं. वहीत रोज तीन नोंदी: कुणाला फोन केला, कुठे अर्ज पाठवला, काय शिकलो. उत्तर आलं की नाही, याचा रकाना ठेवलाच नाही. ते आपल्या हातात नसतं. एक वाजला की नोकरीची ॲप बंद, दुसऱ्या दिवशी साडेनऊपर्यंत. वडिलांची बँक आणि सिलिंडर दुपारी तीननंतर, हे मी वडिलांना बोलावून सांगितलं. त्यांना पटलं असं नाही, पण म्हण ऐकवणं थांबलं. रविवारी पूर्ण सुट्टी.

सुरळीत झालं म्हणू नका. लिफ्टमधल्या एका शेजाऱ्याने भोसरीतल्या ओळखीच्या कारखान्याचं नाव दिलं, मुलाखत झाली, पुढे काहीच नाही. त्यानंतर सुधीर चार दिवस अभ्यासिकेत फिरकले नाहीत. व्हॅन मात्र चुकवली नाही.

इथे एक सांगायला हवं. दोन आठवडे सलग मन खचलेलं असेल, जेवण-झोप बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर दिनक्रम बसवत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा निघाली, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. सुधीरच्या बाबतीत मी हे पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं.

सातव्या महिन्यात त्यांचा फोन आला. तळेगावला लागले होते, पगार आधीपेक्षा कमी. अभिनंदन करायच्या आतच म्हणाले, "मॅडम, सेकंड शिफ्ट दिलीय. रात्री घरी यायला साडेबारा होतात. व्हॅनचं काय करू?"

म्हटलं, बायकोला द्या परत.

"ती घ्यायला तयार आहे. मुलगी नाही म्हणते."